वावरातून आल्यावर कायचा व्यायाम?

आमच्या भागात बाईपुढे व्यायामाचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं. "दिवसभर वावरात वाकूनच असते व माय, आणखी कायचा व्यायाम?" ती बाई दोन जिवांची असली तर घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, काम करत राहिली की बाळंतपण सोपं जाते, आमच्या वेळी तर वावरातच कळा सुरू होत. दुसरा म्हणतो, आता जागची हलू नको, पलंगावर पडून राहा. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या घरात ही दोन्ही मतं मी एकाच ओसरीवर बसून ऐकली आहेत. पहिलं मत माझ्या धाकट्या जावेच्या वाट्याला आलं, दुसरं माझ्या. ती रोज वावरात जाते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

मला सध्या सातवा महिना सुरू आहे. जाऊ याच उन्हाळ्यात बाळंत झाली. तिचे ते महिने जवळून पाहिले, आणि स्वतःची तयारी दिवस राहण्याच्या आधीपासून करायला मिळाली, त्यामुळे एक गोष्ट मला आता पक्की वाटते. वावरातलं काम शरीर झिजवतं, व्यायाम शरीर बांधतो. दोन्ही एकच समजलं की जिला विसावा हवा तिच्या डोक्यावर पाण्याचा गुंड येतो आणि जिला हालचाल हवी तिच्या वाट्याला पलंग.

कापसाची वेचणीच घ्या. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, कमरेएवढी, बोंडं खालीवर सगळीकडे फुटलेली. बाई कमरेतून वाकते. पोटाशी ओटी बांधलेली असते, तिच्यात कापूस भरत जातो तसं ते ओझं तिला पुढे ओढतं. मजुरी किलोवर, म्हणून उगाच कोणी पाठ सरळ करत नाही. धुऱ्यावर जाऊन ओटी रिकामी करायची, तेवढीच उसंत. पाठीचे तेच स्नायू सकाळपासून संध्याकाळपर्यंत ताणलेले, मान खाली, छाती आक्रसलेली, श्वास वरच्यावर. एकही सांधा पुरता फिरत नाही, थकवा मात्र पुरता येतो. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धानाच्या रोवणीच्या दिवसांत हेच सगळं बांधीच्या चिखलात उभं राहून होतं. घरी आल्यावर पाणी, चूल, भांडी आहेतच.

त्यात गर्भारपण. पोट वाढतं तसा शरीराचा तोल पुढे सरकतो आणि कमरेवरची ओढ वाढते. रिलॅक्सिनसारख्या संप्रेरकांमुळे ओटीपोटाच्या हाडांचे सांधे धरून ठेवणारे बंध सैलावतात. बाळाला वाट मिळावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. पण त्याच सैल सांध्यांवर दोन गुंड पाणी ठेवलं तर कंबर बोलणारच. अंगातलं रक्तही जवळपास निम्म्याने वाढतं, हृदयाला आधीच जास्त काम पडलेलं असतं. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गर्भवतींचा एक मोठा अभ्यास झाला होता, ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाचा. त्यातून २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मी वाचला तेव्हा मला जावेची वेचणी आठवली. पाणी आणणं, कपडे धुणं, शेतातलं काम अशा श्रमांचा भार गर्भारपणाच्या पहिल्या आणि मधल्या महिन्यांत ज्यांच्यावर जास्त होता, त्यांच्या बाळांचं वजन आणि डोक्याचा घेर सरासरीने कमी होता.

म्हणून ‘काम केलं की बाळंतपण सोपं’ हे वाक्य मला आता सोसत नाही. आमच्याकडच्या बुढ्या जात्याची आठवण काढतात. आम्ही पहाटे उठून पायलीभर दळत होतो, म्हणून आमची लेकरं घरीच झाली, असं सांगतात. त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्याच पिढीत किती बाया बाळंतपणात गेल्या, किती लेकरं पाचवीच्या आत गेली, हेही त्याच बुढ्या संध्याकाळी ओसरीवर सांगतात. जातं ओढून तरलेल्या बाया आज बोलू शकतात, ज्या तरल्या नाहीत त्यांची गोष्ट कोण सांगणार?

माझी अडचण उलटी होती. शाळेत जायला स्कूटी, घरी गॅस, मिक्सर, दारात नळ. कॉपी तपासत मान वाकवून बसायचं आणि पोरांच्या मागे मैदानाला एक चक्कर मारली तरी धाप लागायची. बाळाचा विचार सुरू झाला तेव्हा मी आधी स्वतःकडे पाहिलं. आमच्याकडे असं आधी पाहण्याची रीत नाही. लग्न झालं की वर्षाच्या आत बातमी हवी असते, आणि बातमी आल्यावर दवाखाना. पण बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर बऱ्याच बायांना पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासून घ्यायची ती यासाठीच. दिवस राहिल्यावर दवाखान्यात नाव नोंदवून गोळी सुरू करणं चांगलंच, पण या एका कामासाठी तेव्हा उशीर झालेला असतो. नव्या सुनांना कोणीतरी हे लग्नाच्या हळदीतच सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४.२ टक्के जणींना रक्तक्षय आढळला, गर्भवतींमध्ये ४५.७ टक्के. म्हणजे आपल्या बचत गटाच्या बैठकीत ज्या बसतात त्यांतल्या निम्म्या. गर्भारपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, ७ च्या खाली तो तीव्र. अशा बाईला चार पावलं भरभर चाल म्हणणं अन्यायाचं आहे. तिला धाप लागते ती आळसाने नव्हे, प्राणवायू वाहून न्यायला रक्तच पुरेसं नसतं म्हणून. आधी रक्त भरायचं, मग अंग कमवायचं. आणि विदर्भात आणखी एक तपासणी टाळू नये, सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. गडचिरोली, चंद्रपूरपासून आमच्या जिल्ह्यापर्यंत हा आजार आढळतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक बाई इतरांसारखी हिंडूफिरू शकते, पण जिला प्रत्यक्ष आजार आहे तिने तहान आणि दमणूक दोन्ही टाळायची, व्यायामाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. दिवस राहण्याच्या आधी ती केलेली बरी.

तपासण्या झाल्या आणि मी सुरुवात केली ती माजघरात, दार लावून. सामान काही लागलं नाही. भिंतीला हात टेकून छाती भिंतीकडे न्यायची आणि मागे यायचं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. मांड्या आणि पुठ्ठे यानेच बांधले जातात आणि बाळंतपणात, नंतर लेकरू कडेवर घेऊन उठताना, याच स्नायूंवर सगळं येतं. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलायची. गुडघे आणि कोपरं टेकून अंग फळीसारखं सरळ धरायचं. पाण्याच्या लिटरभर बाटल्या दोन हातांत घेऊन मागे ओढायच्या, वाकलेल्या खांद्यांना हे फार मानवतं. घाई करायची नाही, श्वास रोखायचा नाही. पहिल्या आठवड्यात जिना नसलेल्या घरातही पायांत गोळे आले. मग अंग सरावलं आणि भूकही सुधारली.

चालणं जास्त अवघड होतं. सून रिकाम्या हाताने रस्त्यावर चालताना दिसली की लोक विचारतात, "कोठी चालली व?" ग्रामपंचायतीशेजारी खुली व्यायामशाळा आली आहे, रंगीत लोखंडी यंत्रं आहेत, पण संध्याकाळी तिथे पोट्टे बसलेले असतात. याच विदर्भात अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. तिथली मंडळी १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. एवढी परंपरा दाराशी असताना गावातल्या सुनेला मोकळ्या रस्त्याने चालायला कारण शोधावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. मी पहाटे निघू लागले, हे सोबत येऊ लागले. नंतर दोघी-तिघी आणखी आल्या आणि विचारणं थांबलं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पहाटेशिवाय दुसरी वेळच नाही. गर्भार बाईने तर उन्हात, कोंदट खोलीत अंग तापेल असे श्रम करूच नयेत, पाणी जवळ ठेवावं.

दिवस राहिल्याचं कळलं आणि घरचे म्हणाले, आता बंद. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काही अडचण नाही, चालू ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही हेच आहे. ज्या गर्भवतीला वैद्यकीय अडचण नाही तिने आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, स्नायू बळकट करणारे व्यायामही करावेत. त्याने गर्भारपणातला मधुमेह, वाढणारा रक्तदाब, नको तेवढं वाढणारं वजन यांचा धोका कमी होतो, आणि बाळाचं वजन त्याने घटत नाही. आधी ज्यांनी काहीच केलेलं नाही त्यांनी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचं. मध्यम श्रम कसे ओळखायचे? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. घड्याळापेक्षा हे माप मला बरं वाटतं.

पहिले तीन महिने मळमळीत आणि झोपेत गेले. पावसाळा होता, काळी माती पायाला चिकटते आणि पाय घसरतो, म्हणून रस्ता सोडून शाळेच्या व्हरांड्यातच चालले. पडण्याची भीती असेल तिथे जायचंच नाही, हा नियम मी या काळात सगळ्यांत कडक पाळला. चौथ्या महिन्यापासून अंगात जीव आला. तेव्हापासून पाठीवर उताणं झोपून करायचे प्रकार सोडले, कारण वाढलेलं गर्भाशय मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देतं, हृदयाकडे रक्त कमी जातं आणि भोवळ येते. त्याऐवजी हात-गुडघ्यांवर येऊन मांजरासारखी पाठ वर करायची, मग सरळ करायची. त्याच अवस्थेत उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. भिंत धरून टाचा वर करायच्या, संध्याकाळी पायांवर येणारी सूज त्याने उतरते. कपालभाती, उलटी आसनं, उड्या, पोट पिळणारे प्रकार मी केले नाहीत.

आणि थांबायचं कधी, हे प्रत्येकीला पाठ हवं. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, पोटात ठरावीक वेळाने कळा, छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, भोवळ, जोराची डोकेदुखी, एका पोटरीत दुखून सूज येणं. यातलं काही झालं तर व्यायाम तिथेच सोडून दवाखाना. वार (बाळाला पोसणारी गर्भाशयातली गादी) खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तदाब वाढलेला असेल, रक्तक्षय तीव्र असेल किंवा हृदयाचा आजार असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढंच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिथे हे विचारायला पैसे लागत नाहीत.

जावेची वाट वेगळी होती. तिला दिवस राहिले ते ऐन वेचणीच्या तोंडावर. रक्त तपासलं तर नऊच्या घरात. रात्री कमरेने तिला झोप येत नव्हती आणि तरी ती म्हणत होती, "ताई, काम नाही केलं तर अंग जड होईन." वर भीती अशी की जास्त खाल्लं तर लेकरू मोठं होईन आणि सिझर करावं लागीन, म्हणून ती अर्धीच भाकर खायची. तिला व्यायाम सांगण्याआधी तिच्या अंगावरचं ओझं काढायला हवं होतं. आशाताईंनी सासूबाईंना आणि मामंजींना समोर बसवून सांगितलं. पाणी आता घरातले दुसरे भरतील, ओटी तिच्या पोटाला बांधायची नाही, दुपारी जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चहा गोळीपासून दूर गेला, ताटात तुरीचं वरण, आंबाडी, हरभऱ्याची भाजी आली, वरून निंबू. मग मी तिला दोनच गोष्टी दाखवल्या. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला मागे नेणारी, म्हणजे भिंतीला टाचा, पुठ्ठे, खांदे टेकवून दोन्ही हात भिंतीवरून वर सरकवायचे. आणि मांजराची. पहिल्याच रात्री ती म्हणाली, "कंबर मोकळी झाल्यावानी वाटते." तिच्या अंगात ताकद माझ्यापेक्षा जास्तच होती. तिला हवी होती ती उसंत.

आमचं स्वतःचं वावर आहे म्हणून हे जमलं. ज्या बाया मजुरीने जातात त्यांना उसंत कोण देणार? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. दिवसाला २५० ते ३०० रुपये मजुरी धरली तर ते सतरा ते वीस दिवसांचे झाले. गर्भारपण नऊ महिन्यांचं असतं. गर्भवतीला विश्रांती घ्या म्हणून सांगणाऱ्या सगळ्यांनी, माझ्यासकट, हा हिशोब डोक्यात ठेवून बोलावं. निदान शेतमालकाने तिला धुऱ्यावर बसून निवडायचं, झाडाखाली बसून करायचं काम द्यावं. आमच्या गावात दोघा-तिघांनी ते दिलं आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र वावरातली असो की शाळेतली, सगळ्यांनी बोलायला हवं, आणि तिच्याबद्दलच कोणी बोलत नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भाशय, मूत्राशय, आतडी तिच्यावर तोललेली असतात. लघवी अर्ध्यात थांबवताना जे आत आकसतात तेच हे स्नायू. मात्र सराव लघवी करताना करायचा नाही, एरवी बसल्या-बसल्या आत ओढून पाचपर्यंत मोजायचं आणि सोडायचं, असं दहा वेळा. अमेरिकेतल्या डॉ. अर्नॉल्ड केगल यांनी १९४८ साली हे मांडलं, तेव्हापासून त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. खोकताना, हसताना लघवी सुटण्याचा त्रास यामुळे कमी होतो.

मी जावेला हे समजावत होते तेव्हा घरातल्याच एका मोठ्या बाईने भांडी घासता घासता हात थांबवले. म्हणाल्या, "माह्यं अंग बाहेर येते. दुसऱ्या बाळंतपणापासून." बाळंतपणानंतर सव्वा महिना झाला नव्हता, निंदण आलं म्हणून त्या वावरात गेल्या होत्या, डोक्यावर पाणी वाहिलं होतं. इतकी वर्षं बसताना, उठताना त्यांनी ते सोसलं आणि कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या बायांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष दिले होते. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या बाया जेमतेम ८ टक्के. हा आकडा मी आधी वाचला होता, पण तो आमच्याच मोरीजवळ बसलेला असेल असं मनात आलं नव्हतं. त्यांना आम्ही सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेलं. अंग, म्हणजे गर्भाशय, थोडं उतरलेलं असेल तर हाच व्यायाम उपयोगी पडतो, जास्त असेल तर आधाराला आत कडी बसवतात किंवा शस्त्रक्रिया करतात. त्यांना कडी बसवली. त्यानंतर जावेला डोक्यावर पाणी घेऊ न देण्यात घरात सगळ्यांत पुढे त्याच होत्या.

जावेची मुलगी अडीच किलोच्या वर भरली. यंदाची वेचणी सुरू झाली आहे आणि जाऊ अजून निम्मा दिवसच जाते. तिच्या पोटाचे मधले स्नायू अजून पुरते जुळलेले नाहीत, म्हणून तिला मी पोट आवळून उठण्याऐवजी कुशीवर वळून उठायला सांगते. दोघी मिळून संध्याकाळी भिंतीशी उभ्या राहतो, मुलगी सतरंजीवर असते.

बचत गटाच्या मागच्या बैठकीत आम्ही ठराव केला. अंगणवाडीत महिन्याला जो आरोग्य आणि पोषण दिवस होतो, त्यात वजन आणि इंजेक्शन झाल्यावर अर्धा तास यासाठी ठेवायचा, आणि नुसत्या गर्भवती नव्हे, नव्या सुनांनाही बोलवायचं. आशाताई तयार आहेत. उपकेंद्राच्या सिस्टर आधी बीपी आणि रक्त पाहणार. ज्यांना मनाई नाही आणि ज्या बसूनच असतात त्यांनी माझ्यासोबत चालायचं. ज्या थेट वावरातून येतील त्यांनी आधी चप्पल काढून, पाणी पिऊन, भिंतीला पाठ लावून बसायचं. सासवांना पहिल्या रांगेत बसवायचं असं जावेने सुचवलं आणि ते सगळ्यांना पटलं. सतरंज्या शाळेतून न्यायच्या आहेत, मुख्याध्यापकांना मी उद्या विचारते.